अटकेपारची रेघ

कुलाब्याहून नेव्ही नगरच्या दिशेने जाताना झाडांच्या वर डोके काढून उभा असलेला एक उंच दगडी मनोरा दिसतो. सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. सेंट जॉनच्या नावाने ते बांधले आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८५८ साली प्रार्थनेसाठी खुले झालेले हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि त्याला जोडून झालेल्या सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांचे स्मारक आहे. वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साधे शिपाई मात्र इतके मेले की त्यांची नावे अशी नोंदवणे शक्य नाही, असे तिथल्याच लेखात म्हटले आहे. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात आलेला प्रश्न अगदी बाळबोध होता. मुंबईच्या फौजेचे काबूलला असे काय अडले होते?

तो प्रश्न बरीच वर्षे तसाच पडून राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्या सैन्यांत सीमेवरच्या तोरखमपासून स्पिन बोल्डकपर्यंत चकमकी झडल्या, तेव्हा तो पुन्हा आठवला. कारण ज्या रेषेवरून ही माणसे एकमेकांवर तोफा डागत होती, ती ड्युरँड रेषा, म्हणजे या दोन देशांमधली वादग्रस्त सीमा, आणि कुलाब्याचा तो मनोरा एकाच भयाची अपत्ये आहेत.

ते भय रशियाचे होते. रशियाचा झार मध्य आशियातून खाली सरकत एक दिवस हिंदुस्थानच्या दाराशी येईल, या धास्तीने गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडने १८३८ च्या ऑक्टोबरात सिमल्याहून जाहीरनामा काढला आणि काबूलच्या गादीवरून दोस्त मोहम्मदला हटवून पूर्वीच्या पदच्युत शाह शुजाला बसवण्याचे ठरवले. बंगालची फौज उत्तरेकडून निघाली, मुंबईची फौज समुद्रमार्गाने सिंधच्या किनाऱ्यावर उतरली, आणि जाता जाता १८३९ मध्ये कराची ताब्यात घेतली गेली. चार वर्षांनी सगळा सिंध खालसा झाला आणि नंतर मुंबई इलाख्याला जोडला गेला, तो १९३६ पर्यंत तिथेच होता. काबूलची मोहीम मात्र पुरती बुडाली. १८४२ च्या जानेवारीत सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे काबूल सोडून बर्फातून निघाले. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटावरून पाहणाऱ्यांना थकलेल्या घोड्यावरून येणारा एकटा डॉक्टर ब्रायडन दिसला. काही जण कैदेत सापडले म्हणून वाचले, काही शिपाई नंतर भटकत परतले. बाकीचे त्या खिंडींत राहिले.

या मोहिमेतली एक गोष्ट पुढच्या कथेसाठी ब्रायडनपेक्षा महत्त्वाची आहे, पण ती सहसा सांगितली जात नाही. शाह शुजाला गादी मिळावी म्हणून इंग्रज, रणजितसिंग आणि शुजा यांच्यात जो त्रिपक्षीय तह झाला, त्यात शुजाने पेशावरवरचा हक्क रणजितसिंगाच्या नावे सोडला. पेशावर ही अहमदशाह अब्दालीच्या वारसांची हिवाळी राजधानी होती आणि शिखांनी ती आधीच घेतली होती. तहाने त्यावर शिक्का मारला इतकेच. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर पेशावर आयतेच इंग्रजांच्या हाती आले. म्हणजे काबूलला आज जो मुलूख आपला हिरावला गेलेला वाटतो, त्याचा मोठा भाग, रेषेला ज्याचे नाव मिळाले तो इंग्रज अधिकारी ड्युरँड काबूलला पोहोचण्याच्या ५०-६० वर्षे आधीच गेला होता, आणि तो घेणारे शीख होते. दोन साम्राज्यांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट खरे तर तीन साम्राज्यांची आहे. चौथ्याचेही नाव घेता येईल. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि आपल्या भाषेत ‘अटकेपार झेंडे’ कायमचे फडकत राहिले. त्या अटकेच्या पलीकडे काय आहे, कोण राहते, याचा विचार आपण तो वाक्प्रचार वापरताना कधी करत नाही. पलीकडे पश्तूनांचा मुलूख सुरू होतो.

रशिया खरोखरच खाली येत होता. १८६५ मध्ये ताश्कंद, १८६८ मध्ये समरकंद, १८७३ मध्ये खिवा, १८७६ मध्ये कोकंद, १८८४ मध्ये मर्व्ह. १८७८ ते १८८० या काळात इंग्रजांनी दुसरे अफगाण युद्ध केले. त्यातही मैवंदच्या मैदानावर २७ जुलै १८८० रोजी जी फौज कापली गेली, तिच्यात मुंबईच्याच पलटणींचा भरणा होता आणि सुमारे अडीच हजारांतले जवळजवळ एक हजार त्या एका दिवसात गेले. दोनदा हात पोळल्यावर इंग्रजांनी काबूल ताब्यात ठेवण्याचा नाद सोडला. अब्दुर रहमान खानाला अमीर म्हणून मान्यता दिली, त्याचे परराष्ट्र व्यवहार स्वतःकडे घेतले, त्याला वर्षासन बांधून दिले आणि त्याचा देश दोन साम्राज्यांच्या मधली उशी म्हणून राखायचे ठरवले. १८८५ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानच्या उत्तर सरहद्दीवरच्या पंजदेह येथे रशियनांनी अफगाण सैन्याला मारून काढले तेव्हा हा अमीर रावळपिंडीत व्हाइसरॉय डफरीनचा पाहुणा होता. लंडनमध्ये युद्धाची तयारी सुरू झाली. अमीराने मात्र डोके थंड ठेवले, कारण लढाई झाली तर ती त्याच्या शेतांतून होणार होती.

उशी म्हटली की तिला कडा लागतात. म्हणून पुढच्या दहा वर्षांत अफगाणिस्तानच्या बहुतेक सीमा आखल्या गेल्या आणि त्या आखणाऱ्यांत अफगाण माणूस क्वचितच प्रमुख होता. याचा सर्वांत उघडा पुरावा पाहायचा असेल, तर नकाशावर देशाच्या ईशान्य टोकाला पाहावे. तिथून चीनच्या दिशेने एक लांबट बोट बाहेर आलेले दिसते. हा वाखानचा पट्टा. लांबी सुमारे ३५० किलोमीटर, आणि काही ठिकाणी रुंदी जेमतेम पंधरा. १८९१ मध्ये पामीरच्या पठारावर कर्नल योनोव्ह या रशियन अधिकाऱ्याने यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याला ‘हा आमचा प्रदेश आहे’ म्हणून परत पाठवले होते, आणि अशा भेटी वाढल्या तर एखादी गोळी सुटेल हे दोन्हीकडच्यांना कळत होते. १८९५ च्या करारात वाखान अमीराच्या गळ्यात बांधण्यात आले. त्याला ते नको होते. तिथे किल्ला बांधायचा नाही, ठाणे ठेवायचे नाही, इंग्रजांनी तो भाग जोडून घ्यायचा नाही, असे ठरले. बदल्यात पंज नदीपलीकडचे शुघनान आणि रोशान त्याच्या हातून गेले, आणि एकच भाषा बोलणारी बदख्शानची गावे नदीच्या दोन काठांवर दोन राज्यांत वाटली गेली. पृथ्वीवर जमिनीचा एक तुकडा असा आहे, जो कोणाला हवा होता म्हणून एखाद्या देशाचा झाला नाही. दोघांचे खांदे एकमेकांना लागू नयेत म्हणून तो तिसऱ्याच्या पदरात टाकला गेला.

दक्षिणेची कड आखण्याचे काम मॉर्टिमर ड्युरँडकडे आले. फुटबॉलच्या शौकिनांना हे नाव माहीत असते. सिमल्याला १८८८ मध्ये सुरू झालेला आणि आजही खेळला जाणारा ड्युरँड करंडक याच गृहस्थाचा. भोपाळजवळच्या सिहोरला जन्मलेला हा माणूस हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता. १८९३ च्या ऑक्टोबरात तो काबूलला पोहोचला आणि १२ नोव्हेंबरला करार झाला. अमीराचे वर्षासन १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाले आणि शस्त्रे विकत घेऊन हिंदुस्थानातून नेण्याची त्याला मुभा मिळाली. त्याने स्वात, बाजौर, चित्राल आणि वझिरिस्तानच्या बहुतेक भागांत हस्तक्षेप न करण्याचे कबूल केले, चमनच्या इंग्रजी छावणीवरचा आक्षेप मागे घेतला, आणि असमार व बिरमल हे भाग आपल्याकडे राखले.

करारातले शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. रेषेपलीकडच्या मुलखात हिंदुस्थान सरकार कधी हस्तक्षेप करणार नाही आणि अलीकडच्या मुलखात अमीर करणार नाही, अशी त्याची भाषा आहे. ‘इथपर्यंतची जमीन माझी, इथून तुझी’ असे ती सरळ म्हणत नाही. शेताची मोजणी होऊन हद्दीचे दगड बसणे वेगळे, आणि ‘त्या वस्तीच्या भानगडीत मी पडणार नाही, या वस्तीच्या भानगडीत तू पडू नकोस’ असे दोन पाटलांनी एकमेकांना सांगणे वेगळे. पुढे १८९४ ते १८९६ मध्ये पथकांनी डोंगरांतून फिरून दगडांचे ढीग रचले, तरी मोहमंदांच्या मुलखातला काही भाग तेव्हा आखलाच गेला नाही. हीच संदिग्धता पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. काबूल म्हणते ही प्रभावक्षेत्रांची वाटणी होती. इस्लामाबाद म्हणते ही सीमा आहे.

अमीराला बिचारा समजण्याचे मात्र काही कारण नाही. त्याच सुमारास तो हजारा जमातीचे बंड इतक्या क्रौर्याने मोडत होता की हजारो माणसे मारली गेली, गुलाम म्हणून विकली गेली किंवा क्वेट्ट्याकडे पळाली. ड्युरँड करारामुळे काफिरिस्तान त्याच्या बाजूला आल्यावर १८९५-९६ च्या हिवाळ्यात त्याने तेही जिंकले, तिथल्या लोकांना धर्मांतर करायला लावले आणि मुलखाचे नाव नूरिस्तान ठेवले. इंग्रजांच्या पैशांनी आणि बंदुकांनी त्यानेही आपले छोटे साम्राज्यच बांधले. आजचे अफगाण राष्ट्र ज्या रेषेला खोटी म्हणते, त्याच रेषेच्या आधाराने ते राष्ट्र उभे राहिले, ही गोष्ट काबूलमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही.

इथपर्यंतची कथा बहुतेक लेखांत सापडते, आणि तिचा शेवट ‘इंग्रजांनी पश्तूनांच्या घरांतून रेघ ओढली, म्हणून आजची भांडणे’ असा केला जातो. मला ते पटत नाही. घरांतून रेघा सगळीकडे गेल्या आहेत. पंज नदीवरची रेघही घरांतूनच गेली, पण तिच्यावरून अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तान एकमेकांवर तोफा डागत नाहीत. माझ्या मते खरी अडचण रेषेत नाही, रेषेच्या अलीकडे मुद्दाम पड ठेवलेल्या पट्ट्यात आहे.

इंग्रजांची तिथे एक सीमा नव्हतीच. जिल्ह्यांची हद्द, जिथपर्यंत शेतसारा, पोलीस आणि कोर्ट, ती पहिली. ड्युरँड रेषा ही दुसरी. आणि रशियाने जिच्यापुढे यायचे नाही, ती अमू दर्यापर्यंतची अफगाणिस्तानची उत्तर कड ही तिसरी. पहिल्या आणि दुसऱ्या हद्दीच्या मध्ये डोंगरांचा एक लांब पट्टा उरला. तो नकाशावर इंग्रजांचा होता, पण तिथे राज्य करण्याची त्यांची इच्छा नव्हती. १८९७ मध्ये मलाकंदपासून तिराहपर्यंत हा सगळा पट्टा पेटला. सारागढीच्या चौकीवर २१ शीख शिपाई शेवटपर्यंत लढून मेले ते याच बंडात. त्यानंतर आलेल्या व्हाइसरॉय कर्झनने नियमित फौजा मागे घेतल्या, टोळ्यांतल्याच तरुणांची पथके उभी केली, १९०१ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत वेगळा केला आणि त्याच वर्षी सरहद्द गुन्हे नियमनाला पक्के रूप दिले.

हा कायदा समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. त्याखाली एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याची सगळी टोळी जबाबदार धरली जाई. टोळीच्या कोणाही माणसाला पकडता येई, गुरे आणि माल जप्त करता येई, घरे पाडता येत, बाजाराची वाट बंद करता येई. निकाल पोलिटिकल एजंट म्हणजे तिथला सरकारी अधिकारी आणि त्याने निवडलेल्या जिरग्याचा, म्हणजे टोळीच्या पंचायतीचा, आणि त्यावर नियमित न्यायालयात दाद नाही. तिथले लोक या कायद्याचे वर्णन तीन शब्दांत करत आले आहेत, आणि ते शब्द आपल्यालाही परके नाहीत: ना वकील, ना दलील, ना अपील. टोळीचे मलिक, म्हणजे म्होरके, सरकारी तनखा घेत आणि रस्ता सुरक्षित ठेवण्याची हमी देत. तनखा थांबला की रस्त्यावर गोळी सुटे. गोळी सुटली की तनखा वाढे किंवा पलटण येई. या मुलखाला नाव पडले ‘इलाका-ए-गैर’. बाहेरचा, परका, कायद्याबाहेरचा इलाखा. खैबरच्या अलीकडे गुन्हा करून पलीकडे डोंगरांत शिरले की माणूस सरकारच्या हाती लागत नसे, आणि सरकारलाही ते फारसे खुपत नसे, कारण त्या डोंगरांचे काम माणसे सांभाळण्याचे नव्हतेच. रशिया आणि पंजाब यांच्या मध्ये अंतर राखणे हे त्यांचे काम होते. १९२५ मध्ये वझिरिस्तानातल्या महसूदांवर दोन महिने नुसत्या विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले. आधी इशाऱ्याची पत्रके टाकायची, मग वस्तीवर बॉम्ब, आणि टोळी दंड भरायला तयार झाली की थांबायचे. त्याच खोऱ्यांवर २००४ नंतर अमेरिकेची चालकविरहित विमाने फिरू लागली. कायद्याने ज्याला नागरिक मानलेले नसते, त्याच्या डोक्यावर बॉम्ब टाकताना मोजदाद करावी लागत नाही. अफगाण चर्चच्या भिंतीवरच्या त्या न लिहिलेल्या नावांची मला इथे आठवण होते.

१९४७ साली साम्राज्य गेले आणि पट्टा राहिला. सरहद्द प्रांतात जुलैमध्ये सार्वमत झाले, पण पर्याय दोनच होते, हिंदुस्थान किंवा पाकिस्तान. खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांनी जूनमध्ये बन्नू येथे ठराव करून स्वतंत्र पश्तुनिस्तानचा पर्याय मागितला होता. तो न मिळाल्याने त्यांनी बहिष्कार टाकला. सुमारे ५१ टक्के मतदान झाले आणि त्यातले जवळजवळ सगळे पाकिस्तानच्या बाजूने पडले. टोळ्यांच्या पट्ट्यात तर मतदानच नव्हते, तिथे जिरग्यांची संमती घेतली गेली. ३० सप्टेंबर १९४७ रोजी पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत घेण्याचा ठराव आला तेव्हा विरोधात एकच मत पडले, ते अफगाणिस्तानचे. ते मत त्यांनी महिन्याभरात मागेही घेतले, पण १९४९ मध्ये पाकिस्तानी विमानांनी एका सरहद्दीवरच्या गावावर बॉम्ब टाकल्यानंतर काबूलच्या लोया जिरग्याने, म्हणजे देशाच्या महासभेने, इंग्रजांशी झालेले असे सर्व तह रद्द झाल्याचे जाहीर केले.

कायद्याच्या दृष्टीने पाकिस्तानची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. राज्य बदलले म्हणून सीमा बदलत नाही, हे तत्त्व जगभर मानले जाते आणि ते सोडले तर आफ्रिकेतली आणि आशियातली निम्मी राष्ट्रे विस्कटतील. शिवाय अफगाण राज्यकर्त्यांनी १९०५, १९१९ आणि १९२१ च्या तहांत ही रेषा पुन्हा पुन्हा मान्य केली होती. पण ज्या जमिनीवर पाकिस्तान एवढ्या आग्रहाने हक्क सांगत होता, तिथल्या माणसांना त्याने आपले मानले नाही. इंग्रजांचा १९०१ चा कायदा जसाच्या तसा ठेवला. सर्वोच्च न्यायालयाची कक्षा तिथे पोहोचू दिली नाही. प्रौढ मतदानाचा हक्क तिथल्या लोकांना १९९७ च्या निवडणुकीत पहिल्यांदा बजावता आला. आणि राज्य जन्माला येऊन अडीच महिने झाले नव्हते, तोच २२ ऑक्टोबर १९४७ रोजी याच पट्ट्यातल्या टोळ्यांची लष्करे ट्रकांत बसवून काश्मीरमध्ये पाठवण्यात आली. जिथे कायदा नाही तिथून माणसे पाठवली की ‘ती आमची नव्हेत’ असे म्हणता येते. इंग्रजांनी रशियाला दूर ठेवण्यासाठी जी जागा मोकळी ठेवली होती, तिचा हा नवा उपयोग होता, आणि तो पुढे सवयीचा झाला.

काबूलच्या बाजूलाही शहाणपण फारसे नव्हते. दाऊद खान पंतप्रधान असताना पश्तुनिस्तानचा प्रश्न इतका तापवला गेला की १९६१ च्या सप्टेंबरात दोन्ही देशांचे संबंध तुटले आणि सीमा बंद झाली. अफगाणिस्तानला समुद्र नाही. द्राक्षे आणि डाळिंबे नेमकी तेव्हाच बाहेर पडत होती. पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यात सिंधूच्या खोऱ्यात उतरणाऱ्या कुची मेंढपाळांची वाट अडली. दोन वर्षांनी संबंध सुरळीत झाले तोपर्यंत दाऊदचे पद गेले होते आणि देशाचा व्यापार सोव्हिएत रस्त्याकडे वळला होता. ताजिक, उझबेक आणि हजारा मिळून देशात पश्तूनांच्या तोडीची लोकसंख्या असताना, त्या सगळ्यांनी पश्तुनिस्तानसाठी उपाशी का राहावे, याचे उत्तर काबूलने कधी दिले नाही.

१९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा आल्या आणि एकोणिसाव्या शतकातले ते भय अखेर खरे ठरले, फक्त आता दाराशी इंग्रज नव्हता. तीस लाखांहून जास्त निर्वासित पाकिस्तानात उतरले. पेशावर ही युद्धाची कचेरी झाली आणि तो जुना पट्टा तिची वखार. अमेरिकेचा आणि सौदी अरेबियाचा पैसा पाकिस्तानी लष्कराच्या हातून सोव्हिएतविरोधी अफगाण पक्षांना वाटला जात होता, आणि वाटणाऱ्याने धर्मनिष्ठ पक्षांना झुकते माप दिले. पश्तून राष्ट्रवाद्यांना जवळ येऊ दिले नाही. यामागे धर्माइतकीच ड्युरँड रेषा होती. जो माणूस स्वतःला आधी मुसलमान म्हणवतो तो रेषा विसरेल, आणि जो आधी पश्तून म्हणवतो तो विसरणार नाही, असा तो हिशेब होता. हिशेब चुकला. १९९६ मध्ये पाकिस्तानच्या पाठिंब्याने काबूलला आलेल्या तालिबाननेही रेषा मान्य केली नाही. २००७ मध्ये त्याच पट्ट्यात तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना जन्माला आली आणि तिने बंदुका पाकिस्तानकडेच वळवल्या. ज्याला शेजाऱ्याच्या अंगणात पाळले होते ते स्वतःच्याच ओसरीवर चढून बसले.

२०१७ पासून पाकिस्तानने सुमारे २,६०० किलोमीटरच्या या रेषेवर तारेचे दुहेरी कुंपण घालायला सुरुवात केली. ३१ मे २०१८ रोजी घटनादुरुस्तीने टोळ्यांचा मुलूख खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला आणि १९०१ चा कायदा ११७ वर्षांनी संपला. मला हे कुंपणापेक्षा कितीतरी मोठे वाटते, पण बातम्यांत कुंपणच राहिले. कुंपणाने ज्यांचे पोट अडले ते लोक पाकिस्तानच्या बाजूच्या चमनचे आहेत. घर स्पिन बोल्डकला आणि दुकान चमनला, असे तिथले हजारो जण साध्या ओळखपत्रावर रोज ये-जा करत. २०२३ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानने पासपोर्ट सक्तीचा केला, तेव्हा त्यांनी रस्त्यावर बसून जे धरणे धरले ते कित्येक महिने उठले नाही. त्याच काळात कागदपत्रे नसलेल्या लाखो अफगाणांना परत पाठवण्यास सुरुवात झाली. त्यांतले कितीतरी पाकिस्तानातच जन्मलेले होते.

आपलेही या रेषेशी एक कागदी नाते आहे. गृहमंत्रालयाच्या यादीत भारताच्या शेजाऱ्यांमध्ये अफगाणिस्तानचे नाव आहे आणि समोर आकडा आहे १०६ किलोमीटर. गिलगिटच्या उत्तरेला वाखानच्या पट्ट्याला टेकणारा, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेला हा तुकडा आहे. शाळेत ‘भारताची सर्वांत लहान सीमा कोणाशी?’ या प्रश्नाला अफगाणिस्तान असे लिहून आम्ही गुण मिळवले. ती सीमा म्हणजे ड्युरँड रेषेचाच एक तुकडा आहे, हे तेव्हा आमच्या बाईंनी सांगितले नव्हते. म्हणजे काबूल जिला खोटी म्हणते त्या रेषेचे १०६ किलोमीटर आपण आपली सीमा म्हणून नकाशावर छापतो, आणि यावर दिल्ली आणि काबूल दोघेही सोयीस्करपणे गप्प असतात.

२०२५ च्या ऑक्टोबरातल्या चकमकी कतार आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने थांबल्या. १९ ऑक्टोबरला दोहा येथे युद्धविराम ठरला आणि कतारच्या परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढले. त्यात दोन्ही बंधुदेशांच्या सीमेवरचा तणाव संपेल अशी आशा व्यक्त केली होती. काबूलने ‘सीमा’ या शब्दाला हरकत घेतली. निवेदन दुरुस्त झाले, तो शब्द वगळण्यात आला, आणि कोणत्या जागेवरचा तणाव संपायचा आहे हे न सांगणारे नवे निवेदन जगासमोर आले. तोरखमचे फाटक व्यापारासाठी त्यानंतरही कित्येक आठवडे बंदच होते, आणि दोन्ही बाजूंना मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा उभ्या होत्या.